मुक्या यंत्राचा कंठ

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले उभे राहतात, तह आणि लढाया येतात. शाळेतल्या कोणत्याही मुलाला विचारा, तो पानिपतचे साल सांगेल, पुरंदरचा तह सांगेल. पण खेळण्यांचा इतिहास कोणी विचारला तर आपण हसतो. खेळण्यांचा कसला आला आहे इतिहास? आणि तरीही मोहेंजोदडोच्या मातीतून निघालेली चिमुकली बैलगाडी आपण काचेच्या कपाटात जपून ठेवतो. ती त्या काळच्या एखाद्या पोराचे खेळणेच होती ना? चार हजार वर्षांनी ती आपल्याला शिकवते की त्या लोकांना चाक ठाऊक होते, त्यांच्याकडे बैल होते आणि रस्तेही होते. खेळणे बोलते, फक्त आपल्याला त्याची भाषा समजली पाहिजे.

आज ज्या खेळण्याची हकीकत सांगायची आहे ते इतके जुने नाही. उणेपुरे चाळीस वर्षांचे आहे. पण एवढ्या थोड्या काळात ते मुके झाले, आणि त्याला पुन्हा बोलते करण्यासाठी जगभर कितीतरी माणसे खटपट करीत आहेत. हे खेळणे म्हणजे जुन्या संगणकावरचे खेळ, आणि त्यांचा कंठ म्हणजे साउंड कार्ड नावाची हाताएवढी पट्टी. हिरव्या पट्टीवर काळ्या चिपा बसवलेल्या, खालच्या कडेला सोनेरी दाते, आणि बाजूला ध्वनिवर्धकाची वायर खोचण्यासाठी एक लहानसे भोक. संगणकाचे झाकण काढून आतल्या खाचेत ती घट्ट बसवावी लागे. ती बसवणे सोपे होते. तिला बोलते करणे मात्र भल्याभल्यांना घाम फोडणारे काम होते. ते का, हे समजून घेतले म्हणजे यंत्रयुगाचा एक मोठा धडा आपल्या पदरात पडतो.

प्रारंभ १९८१ सालापासून करू. त्या वर्षी १२ ऑगस्टला अमेरिकेत आय.बी.एम. कंपनीने आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ बाजारात आणला. हे यंत्र कचेरीसाठी होते. हिशेब करावेत, पत्रे लिहावीत, एवढीच त्याच्याकडून अपेक्षा. आवाजाची गरज म्हणाल तर काही चुकले की ‘टूं’ असे वाजावे, बस्स! त्यासाठी आत सव्वादोन इंची एक स्पीकर ठेवला होता. त्याला हलवणारी एक चिप होती, आणि तिच्यात सेकंदाला सुमारे ११ लाख ९३ हजार ठोके पडत. ह्या ठोक्यांना एखाद्या संख्येने भागले की सूर मिळे. २७१२ ने भागले तर सेकंदाला ४४० कंपने, म्हणजे पाश्चात्त्य वाद्ये ज्या स्वरावर जुळवतात तो स्वर. भागाकार बदला, स्वर बदलेल. गणिताच्या शिक्षकांनी वर्गात करून दाखवावा असाच हा हिशेब आहे.

पण ह्या स्पीकरला एका वेळी एकच सूर काढता येई, आणि तोही लहानमोठा करता येत नसे. एकाच पट्टीची पेटी, आणि तिचा भाता कायम एकाच जोराने दाबलेला, असे समजा. खेळ लिहिणाऱ्यांनी तिच्यातूनही नाना युक्त्या करून संगीत काढले, पण ते ऐकणाऱ्याच्या कानाला डासाच्या गुणगुणण्यासारखेच वाटे.

आता संगीताचा धागा दुसऱ्या बाजूने येतो, तो पाहू. १९६७ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन चाउनिंग नावाचे एक संगीतकार संगणकावर प्रयोग करीत होते. आपला गवई स्वरावर आंदोलन घेतो, स्वर किंचित वरखाली झुलवतो, तसे ते यंत्राच्या सुराला झुलवून पाहत होते. झुलण्याचा वेग त्यांनी वाढवीत नेला. आणि गंमत अशी झाली की सेकंदाला शेकडो वेळा झुलवल्यावर कानाला झुलणे ऐकू येईना, त्याऐवजी सुराचा पोतच बदलला! एका लहरीने दुसऱ्या लहरीला हलवले की घंटेचा आवाज निघतो, तुतारीचा निघतो, लाकडावर टकटक केल्याचाही निघतो. ह्या पद्धतीला ‘एफ.एम. सिंथेसिस’ म्हणतात. विद्यापीठाने तिचे हक्क जपानच्या यामाहा कंपनीला दिले, आणि १९७७ साली तिचे पेटंट झाले. यामाहाने १९८३ मध्ये ह्याच तत्त्वावर ‘डी.एक्स. ७’ हे वाद्य काढले आणि ते खूप गाजले. पुढे हेच तत्त्व कंपनीने लहानशा, स्वस्त चिपेत बसवले. ‘वाय.एम. ३८१२’ हे तिचे नाव. तीत एकाच वेळी नऊ सूर वाजत.

ही चिप संगणकात आणली ती कॅनडातील क्वेबेक शहरच्या मार्तें प्रेव्हेल ह्यांनी. हे गृहस्थ पूर्वी तेथील लाव्हाल विद्यापीठात संगीताचे प्राध्यापक होते. त्यांनी ‘अॅडलिब’ ही कंपनी काढली, आणि १९८७ साली त्याच नावाचे कार्ड विकावयास आणले. लोकांनी घरी संगीत शिकावे, रचावे, हा त्यांचा मूळ हेतू. पण ह्या कार्डाचे नशीब उघडले ते खेळांमुळे. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातील सिएरा कंपनीने ‘किंग्ज क्वेस्ट’ ह्या खेळमालिकेचा चौथा भाग काढला. त्याचे संगीत विल्यम गोल्डस्टीन ह्या व्यवसायाने संगीतकार असलेल्या माणसाकडून करवून घेतले होते, आणि ते साउंड कार्डावर वाजावे अशी तजवीज खेळातच होती. ज्यांनी ते ऐकले त्यांना ‘टूं टूं’ पुन्हा गोड लागेना.

इथे एक मुद्दा ध्यानात ठेवा, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. ह्या खेळांच्या तबकडीवर संगीत ‘ध्वनी’ म्हणून साठवलेले नव्हते. ग्रामोफोनच्या तबकडीवर गाणारीचा आवाज असतो, तसा तो नव्हता. तबकडीवर होत्या केवळ सूचना: अमुक क्षणी अमुक स्वर, अमुक पोताचा, अमुक वेळ वाजव. म्हणजे जणू भातखंड्यांच्या पद्धतीने लिहिलेली स्वरलिपी. ती वाजवायला वाद्य पाहिजे, आणि ते वाद्य म्हणजे कार्डावरची चिप. असे का केले? जागा वाचवायला. साध्या प्रतीचा ध्वनी जसाच्या तसा साठवायचा तर एका मिनिटाला सव्वातेरा लाख अक्षरांएवढी जागा लागे. त्या काळच्या मोठ्या क्षमतेच्या तबकडीत चौदा लाखांच्या आसपास अक्षरे मावत. म्हणजे एका गाण्यातच तबकडी संपली! उलट स्वरलिपी काही हजार अक्षरांत मावे. तेव्हा स्वरलिपी खेळात आणि वाद्य कार्डात, अशी ही वाटणी झाली. वाद्य हरवले तर स्वरलिपी शाबूत असूनही संगीत हरवणार, हे मात्र तेव्हा कोणाच्या मनात आले नसावे.

आता आपण क्वेबेकच्या बर्फातून सिंगापूरच्या उन्हात येऊ. बुकित पांजांग नावाच्या खेड्यात वाढलेला सिम वाँग हू हा तरुण. तंत्रनिकेतनात शिकलेला, हार्मोनिका आणि अॅकॉर्डियन वाजवण्याचा त्याला नाद. १ जुलै १९८१ रोजी, म्हणजे आय.बी.एम.चे यंत्र येण्याच्या अवघे सहा आठवडे आधी, त्याने एंग काई वा ह्या मित्राबरोबर पर्ल्स सेंटर नावाच्या इमारतीत संगणक दुरुस्तीचे एक लहान दुकान थाटले. दुकानाचे नाव ‘क्रिएटिव्ह’. संगणकाने गावे-बोलावे हे ह्या माणसाचे वेड. त्यांनी स्वतःचा बोलका संगणक बनवून पाहिला, तो फारसा खपला नाही. १९८७ मध्ये बारा सुरांचे एक कार्ड काढले, तेही अॅडलिबपुढे टिकले नाही.

मग १९८९ साली त्यांनी ‘साउंड ब्लास्टर’ आणले. ह्या कार्डात काय विशेष होते? पहिली गोष्ट, त्यात अॅडलिबची तीच यामाहा चिप होती. म्हणजे अॅडलिबसाठी लिहिलेला प्रत्येक खेळ ह्या कार्डावर जसाच्या तसा वाजे. दुसरी गोष्ट, त्यात खरा ध्वनी वाजवण्याची सोय होती. पुलाच्या खांबावर आकडे रंगवलेले असतात आणि माणूस ठराविक वेळाने पुराची पातळी टिपून ठेवतो, तसेच हे. ध्वनिलहरीची पातळी सेकंदाला सुमारे बावीस हजार वेळा, २५६ पायऱ्यांच्या मोजपट्टीवर टिपलेली असे, आणि कार्ड त्या आकड्यांवरून लहर पुन्हा उभी करी. त्यामुळे माणसाचा शब्द आणि दाराची करकर खेळात ऐकू येऊ लागली. आणि तिसरी गोष्ट, खेळाची दांडी जोडण्याची सोय त्याच पट्टीवर दिलेली. एरवी तिच्यासाठी वेगळे कार्ड विकत घ्यावे लागे. जुने मोडले नाही, नवे दिले, आणि गिऱ्हाइकाचा खर्च वाचवला. व्यापाराचे ह्याहून सरळ सूत्र सापडणार नाही.

परिणाम तीन वर्षांत दिसला. अॅडलिबने ‘गोल्ड’ नावाचे सुधारलेले कार्ड योजले होते, पण ते यायला उशीर झाला, आणि साउंड ब्लास्टरसाठी लिहिलेला खरा ध्वनी त्यावर वाजत नसे. १९९२ च्या मे महिन्यात अॅडलिबचे दिवाळे निघाले. त्याच वर्षी क्रिएटिव्हचे भाग अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात विकले जाऊ लागले. तिथवर पोचलेली ती सिंगापूरची पहिली कंपनी. त्याच साली सोळा बिटांचे ‘साउंड ब्लास्टर १६’ आले. ह्यानंतर दुसऱ्या कोणीही कार्ड काढले तरी खोक्यावर ‘साउंड ब्लास्टरशी जुळणारे’ असे छापणे भाग पडू लागले. ज्या दुकानदाराने दुसऱ्याची भाषा शिकून सुरुवात केली, त्याचीच भाषा आता बाजाराची भाषा झाली! आपल्याकडेही त्या दशकात शहरांतल्या संगणकवर्गांच्या पाट्यांवर ‘मल्टिमीडिया’ हा शब्द झळकू लागला, आणि त्या नावाखाली जी सामग्री विकली जाई तिच्यात साउंड कार्ड असेच.

बरे, मग घाम कशाचा फुटे? आता हे नीट ऐका. त्या काळी डॉस नावाची प्रणाली असे. ती खेळ आणि कार्ड ह्यांच्या मध्ये पडत नसे. खेळाला कार्डाशी थेट बोलावे लागे, आणि त्यासाठी तीन गोष्टी आधी ठाऊक हव्यात. एक, घराचा पत्ता. संगणकाच्या आत प्रत्येक भागाला क्रमांक असतो, साउंड ब्लास्टरचा बहुधा २२० असे. हा आकडा सोळाच्या पायावर मोजायचा, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीत ५४४. दुसरी, दाराची घंटा. कार्डाचे हातातले काम संपले की ते घंटा वाजवून प्रोसेसरचे लक्ष वेधते. ह्या घंटांना आय.आर.क्यू. म्हणत. पहिल्या यंत्रांत त्या अवघ्या आठ होत्या, पुढे आणखी आठ आल्या. तिसरी गोष्ट, हमाल. ध्वनीच्या आकड्यांची पोती स्मृतीतून कार्डापर्यंत वाहून नेणारा, घरधन्याला न उठवता काम करणारा. त्याला डी.एम.ए. म्हणत, आणि साउंड ब्लास्टरच्या वाट्याला बहुधा पहिल्या क्रमांकाचा हमाल येई.

अडचण अशी की एकच घंटा दोन घरांना चालत नसे. पहिल्या साउंड ब्लास्टरवर कारखान्यातून सातवी घंटा लावून येई. पण सातवी घंटा तर छपाईयंत्राची! म्हणून पुढच्या कार्डांवर पाचवी रूढ झाली. पण काही जुन्या यंत्रांत पाचवी घंटा हार्ड डिस्कची असे. मग करायचे काय? संगणक बंद करून झाकण काढायचे, आणि कार्डावरच्या दोन सुयांवर बसवलेले इवलेसे टोपण, ज्याला जंपर म्हणतात, ते चिमट्याने उचलून शेजारच्या सुयांवर बसवायचे. मग झाकण लावून पुन्हा पाहायचे. जंपर बदलला की संगणक सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फायलीतही तीच संख्या लिहायची: पत्ता २२०, घंटा ५, हमाल १. आणि खेळाच्या मांडणीत विचारतील तेव्हा तीच सांगायची. ह्या तिन्ही ठिकाणी एकच उत्तर असले तरच आवाज निघणार. साक्षीदारांच्या जबान्या जुळाव्यात तसे.

ह्यातून दुरुस्ती करणारे एक उत्तम निदान शिकले. संगीत वाजते पण बोलणे ऐकू येत नाही, अशी तक्रार असेल तर कार्ड बिघडलेले नसते. यामाहा चिपेचा पत्ता वेगळा असतो, तिला घंटा लागत नाही नि हमालही लागत नाही. म्हणून ती वाजते, आणि बाकीचे अडते. बोलण्याचा एखादा तुकडाच पुन्हापुन्हा ऐकू आला, तर घंटेचा क्रमांक चुकला असे समजावे, कारण पोते संपल्याची वर्दी धन्यापर्यंत पोचतच नाही. आवाजात सतत घरघर असेल तर कार्डावरची जुनी कपॅसिटरे वाळली आहेत का ते पाहावे. वैद्याने नाडी पाहून रोग सांगावा, तशी ही विद्या होती. ती पुस्तकात थोडी आणि माणसांच्या डोक्यात फार होती.

आणि मग काळ फिरला. २४ ऑगस्ट १९९५ ला ‘विंडोज ९५’ आली. आता खेळाने कार्डाशी थेट बोलायचे नाही, मध्यस्थामार्फत बोलायचे असा नियम आला. घंटा-हमालांची वाटणी यंत्रच आपसूक करू लागले. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. त्याआधी १९९२ मध्ये इंटेल कंपनीने पी.सी.आय. नावाची नवी, वेगवान खाच काढली होती, आणि २००० च्या सुमारास जुनी खाच घरगुती यंत्रांतून नाहीशी झाली. नव्या खाचेत जुन्या हमालाची सोय त्याच रीतीने नव्हती. म्हणून नवी कार्डे जुन्या खेळांना ओळख देईनात. १९९७ मध्ये तर इंटेलने ध्वनीचे काम मदरबोर्डवरच करण्याची पद्धत घालून दिली, आणि सामान्य माणसाला वेगळ्या साउंड कार्डाची गरजच उरली नाही. २००१ मध्ये ‘विंडोज एक्स.पी.’ घरोघर गेली, तिने तर यंत्राच्या भागांशी थेट बोलण्याला बंदीच केली.

झाले काय, ते पाहा. खेळाच्या तबकड्या शाबूत होत्या. त्यांतले एक अक्षरही पुसले गेले नव्हते. पण त्या नव्या यंत्रात घातल्या की एकतर चालत नसत, किंवा चालल्या तर मुक्या चालत. दोषी कोणी नव्हते. प्रत्येकाने आपापल्या परीने सुधारणाच केली होती. तुटला होता तो खेळ आणि कार्ड ह्यांच्यामधला अलिखित करार.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला ही अवस्था नवी नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत. कागद आहे, शाई आहे, अक्षर आहे. पण ते अक्षर मोडी आहे. मोडी वाचणारा बसला तर रुमाल बोलतो, नाही तर तो नुसता कागदाचा गठ्ठा. दप्तर जपणे आणि दप्तर वाचण्याची विद्या जपणे ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. जुन्या खेळांच्या बाबतीत तबकडी हे दप्तर, आणि साउंड कार्ड व त्याचे तीन आकडे ही मोडी.

ह्याचे एक ठळक उदाहरण सांगतो. १० डिसेंबर १९९३ ला अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील इड सॉफ्टवेअर ह्या कंपनीने ‘डूम’ नावाचा खेळ काढला. तो इतका खेळला गेला की त्या पिढीत त्याचे नाव न ऐकलेला खेळाडू विरळा. १९९७ च्या डिसेंबरात कंपनीने उदारपणे त्या खेळाची मूळ लेखी संहिता सर्वांना खुली केली. कोणीही वाचावी, शिकावी. पण तिच्यात एक पोकळी होती. डॉसवर ध्वनी वाजवणारा भाग दुसऱ्याच्या मालकीचा, भाड्याने घेतलेला होता, म्हणून तो देता आला नाही. म्हणून लिनक्स प्रणालीवरची प्रत दिली गेली. म्हणजे खेळाचा सगळा देह जगाला मिळाला, कंठ तेवढा मिळाला नाही. तो हौशी मंडळींना आपल्या श्रमाने पुन्हा घडवावा लागला.

ही हौशी मंडळी दोन वाटांनी चालली आहेत. पहिली वाट सोंगाची. नव्या संगणकावर असा कार्यक्रम चालवायचा की तो जुन्या संगणकाचे हुबेहूब सोंग आणतो. ‘डॉसबॉक्स’ हा असा कार्यक्रम २००२ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्याच्या पोटात खोटे साउंड ब्लास्टर असते, खोटी यामाहा चिप असते, आणि गंमत म्हणजे पत्ता २२०, घंटा आणि हमाल हेही असतात. जुन्या खेळाला वाटते की आपण आपल्याच घरी आहोत. काही मंडळींनी तर यामाहाच्या चिपेचे आवरण काढून, सूक्ष्मदर्शकातून तिची छायाचित्रे घेऊन, आतले तक्ते अक्षर नि अक्षर वाचले, म्हणजे सोंग बिनचूक वठावे. शिलालेखाचा ठसा घेणाऱ्या संशोधकाच्या कामाहून हे काम वेगळे नाही. २०१५ च्या जानेवारीत ‘इंटरनेट आर्काइव्ह’ ह्या अमेरिकन संस्थेने सुमारे २४०० डॉस खेळ असे सोंगाच्या आधारे सर्वांसाठी खुले केले.

दुसरी वाट खऱ्या यंत्राची. जुना संगणक मिळवायचा, भंगारातून आला तरी चालेल. आधी मदरबोर्डवरची जुनी बॅटरी पाहायची, कारण ती पाझरून आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. मग धूळ झाडायची, दाते पुसायचे, कार्ड बसवायचे, आणि तीन आकड्यांची जुळवाजुळव करायची. ह्यातही एक खोच आहे. यामाहाच्या चिपेला एक सूचना दिली की ती पचवायला क्षणभर वेळ द्यावा लागतो. हा क्षण सेकंदाच्या लाखाव्या भागाच्या हिशेबातला, पण तोही पाळावा लागतो. मंद यंत्रावर लिहिलेले काही खेळ तेवढा वेळ मनातल्या मनात मोजून काढतात. वेगवान यंत्रावर ते मोजणे लवकर संपते, चिपेचे उत्तर यायच्या आत खेळ ठरवतो की कार्डच नाही! म्हणून ही मंडळी संगणक मुद्दाम हळू चालवतात. पूर्वीच्या यंत्रांवर ‘टर्बो’ नावाची कळ असे तीही ह्याचसाठी, जुन्या कार्यक्रमांसाठी वेग कमी करायला. वेगाच्या ह्या युगात हळू चालण्याची कळ जपून ठेवणारे लोक आहेत, हे मला तरी मोठे सूचक वाटते.

आपण म्हणाल, सोंगाने काम भागत असेल तर हा खटाटोप कशाला? प्रश्न रास्त आहे. सोंग बिनचूक आहे की नाही, हे ठरवायचे कशाशी ताडून? मूळ कार्ड जिवंत असेल तोवरच ते ताडता येईल. ताम्रपटाची नक्कल कितीही चांगली असो, शंका आली की मूळ पत्राच पाहावा लागतो. आणि दुसरे असे की ज्या संगीतकाराने त्या नऊ सुरांसाठी चाली बांधल्या, त्याने त्या त्याच वाद्याच्या मर्यादा ओळखून बांधल्या. पेटीसाठी बांधलेली चाल सनईवर वाजते, पण ती तीच राहत नाही.

सिम वाँग हू ह्यांचे २०२३ च्या जानेवारीत निधन झाले. अॅडलिब कंपनी त्याच्या तीस वर्षे आधीच संपली होती. करार करणारे एकेक करून जात आहेत, आणि त्यांनी केलेला करार कोणत्याही कायद्याच्या पुस्तकात नाही. तो आहे काही पिवळ्या पडलेल्या माहितीपुस्तिकांत, कार्डाच्या पाठीवर छापलेल्या बारीक अक्षरांत, आणि पन्नाशीला टेकलेल्या दुरुस्ती करणाऱ्यांच्या आठवणीत.

म्हणून शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. शाळेच्या अडगळीच्या खोलीत एखादा जुना संगणक पोत्याखाली पडला असेल. तो भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्यापूर्वी एकदा झाकण काढून पाहा. आत लांब पट्टी दिसली, तिच्यावर सुया आणि टोपणे दिसली, तर टोपणे कोणत्या सुयांवर आहेत ते वहीत टिपा. एखाद्या विद्यार्थ्याकडून त्याचे चित्र काढून घ्या. कार्डावरचे नाव व क्रमांक उतरवून घ्या. माहितीपुस्तिका असेल तर ती कार्डाबरोबरच बांधून ठेवा, दुसऱ्या कपाटात नको. गावात संगणक दुरुस्त करणारा कोणी जुना माणूस असेल, तर त्याला वर्गात बोलवा आणि तो काय सांगतो ते मुलांना लिहून घ्यायला सांगा. खर्च काही नाही, एक तास जाईल.

पुराणवस्तू जमिनीत पुरल्यावरच तयार होते असे नाही. आपल्या डोळ्यांदेखत, आपल्याच घरात, कालची उपयोगी वस्तू आज पुराणवस्तू होते आहे, आणि वस्तूच्या आधी तिला चालवण्याची विद्या नाहीशी होते आहे. मोहेंजोदडोच्या मुद्रा आपल्याजवळ आहेत, त्यांवरची लिपी अद्याप कोणाला वाचता आलेली नाही. ती लिहिणाऱ्यांना आपली किल्ली हरवेल असे वाटले नसणार. आपली किल्ली तर अवघ्या तीन आकड्यांची आहे. तेवढी लिहून ठेवायला काय हरकत आहे?